स्थौल्य, मेदोधातू आणि कर्करोग : एक अवस्थानुसारी विचार

प्रास्ताविक

स्थौल्य हा आपल्या दैनंदिन चिकित्सेतील विषय आहे. मधुमेह, रक्तदाब, हृद्रोग आणि गुडघ्यांचे विकार यांच्याशी असलेले त्याचे नाते आता रुग्णही जाणतात. स्थौल्य व कर्करोग यांच्या संबंधाची जाणीव मात्र समाजात फारशी नाही आणि वैद्यवर्गातही या विषयाची चर्चा कमीच होते. वस्तुतः गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या संबंधाविषयी पुष्कळ ज्ञान उपलब्ध झाले आहे. मेदोधातू कर्करोगाच्या उत्पत्तीस साहाय्य करतो, उत्पन्न झालेल्या कर्करोगाचे पोषण करतो आणि त्यावरील शस्त्रकर्म, औषधे व किरणोपचार यांच्या परिणामातही फरक घडवतो.

स्थूल कर्करोगी आपल्याकडे येतो तेव्हा ‘याचा मेद कमी करावा’ हा विचार आपल्या मनात प्रथम येतो. हा विचार केव्हा हितकर ठरतो आणि केव्हा घातक ठरतो, याचा निर्णय करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संहितोक्त स्थौल्यविचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात, अष्टौनिन्दितीयात, अतिस्थूल व अतिकृश यांचे वर्णन केले आहे. अतिसंपूरण, गुरु-मधुर-शीत-स्निग्ध आहार, अव्यायाम, दिवास्वाप, नित्य हर्ष, चिंतेचा अभाव आणि बीजस्वभाव ही स्थौल्याची कारणे तेथे येतात. संप्राप्तीचा मुख्य मुद्दा असा की, स्थूल मनुष्यात मेदाचेच पोषण होते. इतर धातूंचे तसे होत नाही. मेदाने मार्ग रोधले गेल्याने वायू कोष्ठात विशेष संचार करतो, अग्नी प्रदीप्त होतो, आहार लवकर पचतो आणि पुन्हा भूक लागते. आयुष्याचा ऱ्हास, दौर्बल्य, दौर्गंध्य, अतिस्वेद, अतिक्षुधा, अतितृष्णा इत्यादी आठ दोष तेथे सांगितले आहेत. यांतील ‘दौर्बल्य’ या दोषाकडे विशेष लक्ष द्यावे. देह मोठा असूनही बल नाही, कारण मांसादी धातू अपुष्ट आहेत, हे निरीक्षण पुढे येणाऱ्या विवेचनाचा पाया आहे.

सुश्रुताचार्यांनी स्थौल्य व कार्श्य या दोहोंचे मूळ रसधातूशी जोडले आहे. निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात त्यांनी अर्बुदाचे सहा प्रकार वर्णिले असून त्यांत मेदोज अर्बुदाचा समावेश आहे. कफ व मेद यांच्या आधिक्यामुळे अर्बुद पाकाला जात नाही, असेही ते म्हणतात. येथे एक दक्षता हवी. मेदोज अर्बुद म्हणजे स्थौल्यामुळे होणारा कर्करोग, असे समीकरण मांडणे योग्य नाही. मेदोज ग्रंथी व मेदोज अर्बुद यांची लक्षणे पाहता त्यांपैकी अनेक वर्णने मेदाच्या सौम्य गाठींशी जुळतात. संहितेतील शब्द आणि अर्वाचीन रोगनाम यांची ओढून ताणून सांगड घातल्याने दोन्ही शास्त्रांचे नुकसान होते.

एक साम्य मात्र नोंदवण्याजोगे आहे. चरकाचार्यांनी मेदोवह स्रोतसांचे मूळ वृक्क व वपावहन असे सांगितले आहे. वपावहन म्हणजे उदरातील स्निग्ध पडदा, असा अर्थ बहुतेक अभ्यासक घेतात. हा पडदा आणि वृक्क ही दोन्ही स्थाने स्थौल्य व कर्करोग यांच्या अर्वाचीन अभ्यासात पुन्हा आपल्यापुढे येतात. हे साम्य पुरावा म्हणून नव्हे, तर विचाराला चालना म्हणून घ्यावे.

मेदपेशींचे कार्य : अर्वाचीन दृष्टी

पूर्वी मेद म्हणजे केवळ ऊर्जेचे कोठार मानले जाई. १९९४ साली न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लावला आणि ही समजूत मागे पडली. लेप्टिन मेदपेशींतच तयार होते. मेद हा एक मोठा अंतःस्रावी अवयव आहे, हे आता सर्वमान्य आहे. कर्करोगाच्या दृष्टीने त्याची चार कार्ये महत्त्वाची आहेत.

१) इस्ट्रोजेनची निर्मिती. मेदपेशींच्या समूहात ॲरोमॅटेज नावाचे विकर असते. ते पुरुषी संप्रेरकांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. रजोनिवृत्तीनंतर अंडाशयाचे कार्य थांबते व इस्ट्रोजेनचा मुख्य उगम मेदातच राहतो. मेद जितका अधिक तितके हे संप्रेरक अधिक. रजोनिवृत्तीनंतर त्याचा तोल राखणारे प्रोजेस्टेरोन नसते. त्यामुळे गर्भाशयाच्या अंतःस्तराला आणि स्तनातील पेशींना वाढीची चेतना सतत मिळत राहते.

२) इन्सुलिनचे आधिक्य. पोटातील मेद वाढला की शरीर इन्सुलिनला दाद देत नाही आणि स्वादुपिंड ते अधिकाधिक निर्माण करते. इन्सुलिन केवळ शर्करेचे नियमन करत नाही. ते पेशींना वाढीचा संदेशही देते. तसेच इन्सुलिनच्या आधिक्यामुळे, लैंगिक संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होते आणि मुक्त इस्ट्रोजेन वाढते. अशा रीतीने दुसरे कार्य पहिल्याला बळ देते.

३) मंद व चिरकारी दाह. प्रमाणाबाहेर फुगलेल्या मेदपेशींना प्राणवायू अपुरा पडतो व त्यांतील काही मृत होतात. अशा मृत पेशींभोवती भक्षकपेशी मुकुटासारखे कडे करून जमतात आणि दाहकारक द्रव्ये स्रवतात. स्थूल स्त्रियांच्या स्तनातील मेदात अशी कडी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. याच वेळी ॲडिपोनेक्टिन हे हितकर संप्रेरक घटते आणि लेप्टिन वाढते.

४) कर्करोगपेशींचे पोषण. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली असे दाखवले की, उदरातील स्निग्ध पडद्यातील मेदपेशी अंडाशयाच्या कर्करोगपेशींना आपल्याकडे आकर्षित करतात आणि स्वतःतील स्निग्धाम्ले त्यांना पुरवतात. अंडाशयाचा कर्करोग या पडद्यावर इतक्या सहजपणे का पसरतो, याचा बराचसा उलगडा यातून होतो. आपण ज्याला वपावहन म्हणतो त्याच स्थानाची ही गोष्ट आहे.

कोणते कर्करोग?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेऊन तेरा कर्करोगांचा स्थौल्याशी असलेला संबंध पुरेसा सिद्ध झाल्याचे जाहीर केले. ते असे : अन्ननलिकेचा ॲडेनोकार्सिनोमा, जठराच्या वरच्या मुखाचा, मोठे आतडे व गुदाशय, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, रजोनिवृत्तीनंतरचा स्तनाचा, गर्भाशयाच्या अंतःस्तराचा, अंडाशयाचा, वृक्काचा, थायरॉइडचा, मेंदूच्या आवरणाचा मेनिंजिओमा आणि मल्टिपल मायलोमा. अतितीव्र स्थौल्यात गर्भाशयाच्या अंतःस्तराच्या कर्करोगाची शक्यता सामान्य वजनाच्या स्त्रीच्या तुलनेत सुमारे सातपट, तर अन्ननलिकेच्या ॲडेनोकार्सिनोमाची सुमारे पावणेपाचपट आढळली. इतर बहुतेक कर्करोगांत ही वाढ दीड पटीच्या आसपास आहे.

त्यापूर्वी २००३ साली अमेरिकेतील नऊ लाखांहून अधिक प्रौढांच्या सोळा वर्षांच्या निरीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. तेथील कर्करोगमृत्यूंपैकी पुरुषांत १४ टक्के व स्त्रियांत २० टक्के मृत्यूंना वाढलेले वजन कारणीभूत असू शकते, असा अंदाज त्यात मांडला होता.

आपल्याकडील मुखाचा कर्करोग प्रामुख्याने तंबाखू व सुपारीमुळे होतो आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग विषाणूमुळे होतो. त्यांचे खापर मेदावर फोडू नये. रजोनिवृत्तीपूर्व वयात तर स्थूल स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण किंचित कमीच आढळते. निदानातील ही सूक्ष्मता वैद्याने राखली पाहिजे.

भारतीय देहातील मेद

‘माझे वजन तर बेताचे आहे’ या रुग्णाच्या म्हणण्यावर आपण विसंबून राहू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मोजमापे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला. वजनकाट्यावर समान दिसणाऱ्या दोन देहांत मांस व मेद यांचे प्रमाण किती भिन्न असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

याच कारणास्तव २००९ साली भारतीयांसाठी वेगळ्या मर्यादा सुचवण्यात आल्या. त्यानुसार निर्देशांक २३ पासून अतिवजन आणि २५ पासून स्थौल्य मानावे. पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रियांचा ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरावी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत पोटाचे स्थौल्य ३९.५ टक्के प्रौढांत आढळले. प्रत्येक रुग्णाच्या नाडीबरोबर कमरेचा घेरही नोंदवावा. त्यासाठी एक मोजपट्टी पुरते.

चिकित्सेवर होणारा परिणाम

शस्त्रकर्म. स्थूल रुग्णात शस्त्रकर्म अधिक वेळ घेते, जखमेत जंतुसंसर्ग व रक्तवाहिन्यांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. स्तनाच्या शस्त्रकर्मानंतर हाताला येणारी सूजही स्थूल स्त्रियांत अधिक आढळते.

किरणोपचार. रोज तंतोतंत त्याच स्थानावर किरण पडणे आवश्यक असते. पोटाचा मेद हलतो, त्वचेवरील खुणा सरकतात. त्वचेच्या वळ्यांमध्ये दाह व व्रण अधिक होतात.

रसायनोपचार. बहुतेक औषधांची मात्रा उंची व वजन यांवरून काढलेल्या देहपृष्ठाच्या क्षेत्रफळानुसार ठरते. स्थूल रुग्णासाठी ही मात्रा फार मोठी येते, म्हणून पूर्वी अनेक ठिकाणी ती हात राखून दिली जाई. अशा अपुऱ्या मात्रेने बरे होण्याची संधी कमी होते, हे लक्षात आल्यावर अमेरिकेतील क्लिनिकल ऑन्कॉलॉजी संघटनेने २०१२ साली स्थूल रुग्णांनाही वजनानुसार पूर्ण मात्रा देण्याची शिफारस केली आणि २०२१ साली ती पुन्हा दृढ केली. ‘वैद्यराज, औषध फार कडक आहे, थोडे कमी करायला सांगा ना’ अशी विनवणी नातेवाईक आपल्याकडे करतात. त्या विनवणीला आपण दुजोरा देऊ नये.

संप्रेरक-चिकित्सा. रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनाच्या कर्करोगात दिली जाणारी ॲनास्ट्रोझोल, लेट्रोझोल ही औषधे मुख्यतः उपरोक्त ॲरोमॅटेज विकरालाच रोखतात. एका मोठ्या चिकित्सा-परीक्षणाच्या २०१० मधील विश्लेषणात, टॅमॉक्सिफेनच्या तुलनेत ॲनास्ट्रोझोलचा अधिकचा लाभ स्थूल स्त्रियांत कमी असल्याचे दिसले.

प्रतिकारशक्तीवर आधारित चिकित्सा. येथे चित्र वेगळे आहे. त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगात अशी औषधे घेणाऱ्या स्थूल रुग्णांचे, विशेषतः पुरुषांचे, आयुर्मान अधिक असल्याचे २०१८ साली दिसून आले. लेप्टिनमुळे प्रतिकारपेशी ज्या प्रकारे थकतात नेमका तोच थकवा ही औषधे दूर करतात, असे स्पष्टीकरण २०१९ साली मांडण्यात आले. मेद हितकर आहे, असा याचा अर्थ नव्हे. एकच मेद रोगाच्या उत्पत्तीत एक कार्य करतो आणि विशिष्ट चिकित्सेत दुसरे, इतकाच बोध घ्यावा.

मांसक्षययुक्त स्थौल्य. माझ्या मते वैद्यांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. २००८ साली कॅनडातील संशोधकांनी श्वसनमार्ग व पचनमार्गाच्या कर्करोगाच्या स्थूल रुग्णांचे सीटी स्कॅन तपासले. त्यांपैकी सुमारे १५ टक्के रुग्णांत मेदाखाली मांसधातू अत्यंत क्षीण झालेला आढळला. अशा रुग्णांची कार्यक्षमता कमी होती व ते कमी काळ जगले. बाहेरून पुष्ट दिसणारा रुग्ण आतून शोषाकडे झुकलेला असू शकतो. चरकाचार्यांनी स्थूलाच्या ठायी सांगितलेले दौर्बल्य येथे प्रत्यक्ष दिसते.

वैद्याचे कर्तव्य : चार अवस्था

पहिली अवस्था : कर्करोग झालेला नाही. येथे स्थौल्यचिकित्सेला पूर्ण वाव आहे. गुरु व अपतर्पण या तत्त्वाने, म्हणजे पचावयास जड परंतु पोषण कमी करणाऱ्या आहाराने, मेदाचे कर्षण करावे. यव, ज्वारी, हरीक, सावा, मूग, कुळीथ व ताक हे पदार्थ ग्रंथोक्तही आहेत आणि आपल्या स्वयंपाकघरातलेही आहेत. गुडूची, मुस्ता, त्रिफळा यांची योजना प्रकृतीनुसार करावी. व्यायाम व रात्रीची योग्य निद्रा यांवर भर द्यावा. वजन खरोखर घटल्यास कर्करोगाची शक्यता घटते, याला आधार आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या २०२२ मधील अभ्यासात, वजन घटवण्याचे शस्त्रकर्म केलेल्या व्यक्तींत दहा वर्षांत स्थौल्यसंबद्ध कर्करोग २.९ टक्के, तर न केलेल्या तुल्य व्यक्तींत ४.९ टक्के आढळले. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, तरी त्याची दिशा स्पष्ट आहे.

दुसरी अवस्था : संशय. रजोनिवृत्ती होऊन गेलेली, स्थूल, मधुमेही स्त्री ‘थोडासा डाग दिसला’ म्हणून येते. गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग झालेल्या रजोनिवृत्त स्त्रियांपैकी सुमारे नव्वद टक्के स्त्रियांत रक्तस्राव हे लक्षण असते. असा स्राव एकदाच व थेंबभर झाला असला तरी रक्तप्रदर समजून स्तंभन औषधे सुरू करू नयेत. प्रथम सोनोग्राफी व अंतःस्तराची तपासणी करून घ्यावी. स्तंभनाने स्राव थांबतो, रोग थांबत नाही आणि उपचाराचा मोलाचा काळ मात्र निघून जातो. त्याचप्रमाणे पन्नाशीनंतर मधुमेह नव्याने उद्भवला आणि प्रयत्न न करता वजन घटू लागले, तर स्वादुपिंडाचा विचार मनात आलाच पाहिजे. स्थूल रुग्णाचे वजन आपोआप उतरू लागले की घरचे आनंदतात. वैद्याने मात्र सावध व्हावे.

तिसरी अवस्था : कर्करोगाची चिकित्सा चालू आहे. या काळात लेखन-कर्षण करू नये. स्थौल्य व कार्श्य यांत कार्श्य बरे, असे चरकाचार्यांचे मत आहे; परंतु ते या अवस्थेत यांत्रिकपणे लावू नये. येथे होणारे कार्श्य प्रायः मांसाचे असते. सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक, अनिच्छेने घटले तर ते रोगजन्य क्षयाचे लक्षण मानावे, मग रुग्ण कितीही स्थूल असो. वृक्कांचे कार्य ठीक असल्यास आहारात प्रथिने दर किलो वजनामागे दररोज १ ग्रॅमहून अधिक, शक्य तर १.५ ग्रॅमपर्यंत असावीत. मूग, मसूर, ताजे दूध, पनीर, अंडी, मासे यांतून ती साधता येतात.

याच्या उलट टोकाची चूकही आपल्याकडे सर्रास होते. ‘ताकद यावी’ म्हणून रुग्णाला शिरा, तुपाचे लाडू, गोड सरबते यांचा मारा केला जातो आणि त्याला अंथरुणावरून हलू दिले जात नाही. रसायनोपचाराबरोबर दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइड औषधांनी भूक व रक्तशर्करा आधीच वाढलेली असते. परिणामी मेद वाढतो आणि मांस घटते. शक्तीनुसार चालणे व हलका व्यायाम चालू ठेवणे हेच येथे खरे बृंहण होय.

औषधयोजनेत विशेष दक्षता हवी. गुग्गुळातील गुग्गुलस्टेरोन हे घटकद्रव्य, औषधांचे विघटन करणाऱ्या यकृतातील विकरांना चेतवते, असे प्रयोगशाळेतील पेशींवर दिसले आहे. १९९४ साली निरोगी व्यक्तींवर केलेल्या अभ्यासात गुग्गुळाच्या सत्त्वामुळे डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल या औषधांचे रक्तातील प्रमाण घटल्याचे नोंदवले आहे. कर्करोगावरील अनेक औषधांचे विघटन याच मार्गाने होते. म्हणून या काळात मेदोहर गुग्गुळ कल्प थांबवावेत आणि कोणतेही औषध कर्करोगतज्ज्ञाला कळवूनच द्यावे. रक्तातील पांढऱ्या पेशी किंवा बिंबिका घटलेल्या असताना बस्ती देऊ नये. जंतुसंसर्ग व रक्तस्राव यांचा धोका असतो. वमन-विरेचनादी शोधनही या काळात वर्ज्य समजावे.

चौथी अवस्था : चिकित्सा पूर्ण झाली आहे. येथे स्थौल्याचा विचार पुन्हा सुरू करावा, परंतु घाईने नव्हे. प्रथम अग्नी व बल यांची पुनःस्थापना, नंतर व्यायामासह मंद गतीने कर्षण, हा क्रम ठेवावा. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय परीक्षणात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना, रसायनोपचार संपल्यावर, तीन वर्षे देखरेखीखाली व्यायामक्रम दिला गेला. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत ८०.३ टक्के व केवळ पुस्तिका दिलेल्यांत ७३.९ टक्के होते. हा लाभ वजन घटल्यामुळे झाला, असे दिसले नाही. दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. व्यायामाचे फळ केवळ वजनकाट्यावर मोजू नये, हे यावरून समजते.

उपसंहार

मेद हा एकच धातू असला तरी रोगाच्या प्रत्येक अवस्थेत त्याचा अर्थ बदलतो. रोगापूर्वी तो हेतू आहे, म्हणून घटवावा. संशयाच्या काळी तो इशारा आहे, म्हणून तपासण्यांकडे वळावे. चिकित्सेच्या काळी त्याच्या आड लपलेल्या मांसाचे रक्षण करावे. चिकित्सेनंतर बल पाहून त्याला पुन्हा आवर घालावा. देश, काल, बल, वय व अवस्था पाहून चिकित्सा करणे हे आपल्या शास्त्राचे वैशिष्ट्य आपण अभिमानाने सांगतो. स्थूल कर्करोगी समोर बसलेला असताना त्याची खरी परीक्षा होते. वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या चिकित्सालयात प्रत्येक स्थूल रुग्णाच्या कमरेचा घेर, सहा महिन्यांतील वजनातील फरक आणि चालू असलेली सर्व औषधे, या तीन नोंदी नियमाने ठेवण्यास आरंभ करावा. या लहानशा शिस्तीने अनेक रुग्णांचे निदान वेळेवर होईल आणि अनेकांचे बल टिकेल.